अंदाजातले ढग आणि पाठातले ढग

आठवड्याच्या हवामानाचा अंदाज आणि भूगोलाच्या पुस्तकातील ढगांचा पाठ हे दोन्ही मजकूर एकाच आकाशाविषयी असतात. मालवणच्या शाळेतील विद्यार्थ्यापर्यंत दोन्ही पोहोचतात. पहिला वर्तमानपत्रातून, आकाशवाणीवरून आणि आता घरच्या मोबाइलवरून येतो. दुसरा परीक्षेसाठी वाचावा लागतो. परंतु या दोन मजकुरांची एकमेकांशी ओळख नाही. अंदाज आकाशात किती ढग असतील ते सांगतो, कोणते ते सांगत नाही. पाठ कोणकोणते ढग असतात ते सांगतो, पण ते दिसल्यावर पुढे काय होते याबद्दल फारसे बोलत नाही. परिणामी आठवीत दहा ढगांची नावे पाठ केलेला विद्यार्थी दोन वर्षांनी सगळ्या गावासारखाच म्हणू लागतो, "हवामान खात्याचे काय खरे नाही!"

हे वाक्य ऐकायला खटकेबाज आहे, पण ती टीका नव्हे. टीका करायची तर आधी अंदाजाने नेमके काय म्हटले होते ते समजले पाहिजे आणि मग प्रत्यक्षात काय झाले ते मोजले पाहिजे. या लेखात दोन्ही मजकुरांचे परीक्षण याच दृष्टीने करू या. मालवणच्या किनाऱ्यावर हा प्रश्न केवळ अभ्यासक्रमाचा नाही. होडी समुद्रात लोटायची की नाही, आंब्यावर फवारणी आज करायची की दोन दिवस थांबायचे, किल्ल्याकडे प्रवासी नेणाऱ्या होड्या चालू ठेवायच्या की नाही, असे निर्णय येथे रोजच्या रोज घेतले जातात.

अंदाजाची बाजू

प्रथम अंदाजाचे श्रेय त्याला देऊ. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ सालची. शेतीला उपयोगी पडेल असा काही दिवस आधीचा अंदाज देण्यासाठी १९८८ साली मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचे स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र निघाले आणि २००८ पासून जिल्हावार अंदाज मिळू लागला. आज दर मंगळवारी व शुक्रवारी जिल्ह्यासाठी कृषी हवामान सल्ला पत्रिका निघते. तिच्यात पुढील पाच दिवसांचा पाऊस, कमाल व किमान तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग व दिशा आणि मेघाच्छादन हे सारे आकड्यांत दिलेले असते. शिवाय दर गुरुवारी पुढील दोन आठवड्यांचा, मोठ्या प्रदेशासाठीचा ढोबळ अंदाज असतो. २०२४ च्या ऑक्टोबरात ग्रामपंचायत पातळीवर अंदाज देण्याची योजनाही सुरू झाली.

आकडा देणे हे धाडसाचे काम आहे. "या पंधरवड्यात पाऊस समाधानकारक होईल" असे म्हणणाऱ्याला कोणी पकडू शकत नाही. "गुरुवारी २५ मिलिमीटर" असे लिहिणारा मात्र स्वतःहून तपासणीसाठी पुढे येतो. विज्ञानाचा शिक्षक या नात्याने आपण या धाडसाची कदर केली पाहिजे.

आता दोष पाहू. पहिला दोष भाषेचा आहे. "कोकणात तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस" हा शब्दप्रयोग आपल्या ओळखीचा आहे. बोलीतल्या मराठीत तुरळक म्हणजे विरळ, थोडेसे; त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात "पाऊस तुरळकच आहे" एवढेच राहते. हवामानशास्त्राच्या परिभाषेत मात्र तुरळक हा शब्द पावसाबद्दल नसून ठिकाणांबद्दल आहे. त्या विभागातील पर्जन्यमापक केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर ती घटना घडणे म्हणजे तुरळक ठिकाणी. त्यापुढे ५० टक्क्यांपर्यंत काही ठिकाणी, ७५ टक्क्यांपर्यंत अनेक ठिकाणी आणि त्याहून अधिक असेल तर बहुतांश ठिकाणी. म्हणजे तुरळक ठिकाणांतील एक ठिकाण मालवण असेल, तर मालवणकराच्या दृष्टीने पाऊस पुरता मुसळधारच असतो.

"मुसळधार" या शब्दालाही मोजमाप आहे. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार आणि ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अतिमुसळधार. महसूल खाते मात्र नुकसानीच्या पंचनाम्यासाठी ६५ मिलिमीटरच्या पुढे अतिवृष्टी मानते. एकाच दिवशीच्या एकाच पावसाला एक खाते मुसळधार म्हणते, दुसरे अतिवृष्टी म्हणते आणि बातमी देणारा दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात वापरतो. वाचकाचा गोंधळ होणारच. या व्याख्या गुप्त नाहीत. पण अंदाज छापताना नेमक्या त्याच गाळल्या जातात.

दुसरा दोष जागेचा. हवामान विभागाच्या नकाशावर कोकण आणि गोवा मिळून एकच उपविभाग आहे. जिल्ह्याच्या अंदाजातही अख्ख्या सिंधुदुर्गासाठी एकच आकडा असतो. मालवणपासून आंबोली सरळ रेषेत साठ किलोमीटरही नाही. पण आंबोलीला वर्षाकाठी सरासरी ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर त्याच्या निम्म्याहूनही कमी. अशा जिल्ह्याला दिलेला एकच आकडा कोणत्या गावाचा मानायचा? तालुक्याचे वा ग्रामपंचायतीचे अंदाज आल्याने हा दोष कमी होईल. तरी त्यालाही मर्यादा आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली आणि २६ मे २०२५ रोजी कार्यान्वित झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम ही प्रणाली ६ किलोमीटरच्या चौकटीचे जाळे वापरते. पूर्वीची चौकट १२ किलोमीटरची होती. ही प्रगती मोठीच आहे. परंतु मे महिन्यातील दुपारचा एखादा राशिमेघ, म्हणजे कापसाच्या ढिगासारखा दिसणारा ढग, एक-दोन किलोमीटरचाच असतो. तो या जाळ्यातून निसटतो, आणि त्याचा परिणाम गणिताला सरासरीने धरावा लागतो. संगणकाला न दिसणारा तो ढग शाळेच्या पटांगणातून मात्र स्पष्ट दिसतो.

तिसरा दोष या लेखाच्या मुळाशी आहे. पत्रिकेत मेघाच्छादन ऑक्टामध्ये देतात. आकाशाचे आठ समान भाग कल्पून त्यांपैकी किती भाग ढगांनी झाकले, तो हा आकडा. शून्य म्हणजे निरभ्र आणि ८ म्हणजे पूर्ण झाकोळलेले. समजा, फेब्रुवारीतील एका दिवसासाठी ६ ऑक्टा दिले आहेत. देवगड-मालवणच्या आंबा बागायतदाराला यातून काय समजावे? ते सहा भाग उंचावरच्या विरळ तंतुमेघांचे असतील, तर ऊन पडेल, झाडांच्या सावल्या दिसतील, रात्री थंडीही बऱ्यापैकी राहील. तेच सहा भाग मध्यस्तरमेघांचे असतील, तर ते मळभ होय. सूर्य दुधी काचेआडून दिसावा तसा दिसेल आणि जमिनीची उष्णता अडून रात्रीचे तापमान चढेल. हापूसच्या मोहोराला थंड रात्री मानवतात. ढगाळ, दमट हवेत तुडतुडे आणि भुरी यांचे फावते. आकडा दोन्ही वेळा ६ च, पण बागेतले परिणाम वेगळे. जुलैत तर मालवणला मेघाच्छादनाचा आकडा बहुतेक दिवस ७ किंवा ८ असतो, म्हणून तो वाचून नवे काहीच कळत नाही.

पाठाची बाजू

आता दुसरा मजकूर घेऊ. बालभारतीच्या २०१८ साली आलेल्या आठवीच्या भूगोलात "आर्द्रता व ढग" असा स्वतंत्र पाठ आहे. ढगांना स्वतंत्र पाठ मिळाला ही चांगलीच गोष्ट आहे. तक्रार आहे ती हा विषय ज्या रीतीने शिकवला आणि विचारला जातो त्या रीतीबद्दल. उंचीनुसार तीन गट, प्रत्येकात दोन-तीन नावे, जोड्या लावा, आणि विषय संपला.

ही नावे आली कोठून? लंडनमधील ल्यूक हॉवर्ड या औषधे तयार करणाऱ्या हौशी निरीक्षकाने १८०२ साली एका छोट्या विज्ञानमंडळापुढे निबंध वाचला. त्याने ढगांचे तीन मूळ आकार सांगितले: केसांच्या बटांसारखा सिरस, ढिगासारखा क्युम्युलस आणि चादरीसारखा स्ट्रेटस, पाऊस देणाऱ्या ढगाला त्याने निंबस म्हटले. मराठीत आपण यांना अनुक्रमे तंतुमेघ, राशिमेघ, स्तरमेघ आणि वर्षामेघ म्हणतो. हॉवर्डची थोरवी चार नावे ठेवण्यात नव्हती. एक आकार दुसऱ्यात बदलत जातो, आणि त्या मधल्या अवस्थांनाही मूळ नावे जोडून नाव देता येते, हे त्याने ओळखले. तंतुस्तर, स्तरराशी ही जोडनावे त्यातूनच आली. पुढे १८९६ साली आंतरराष्ट्रीय मेघ-चित्रसंग्रह प्रसिद्ध झाला आणि जगभर एकच नामावली वापरात आली. म्हणजे मुळात ही पद्धत बदल टिपण्यासाठी जन्मली. आपल्या तक्त्यात तिची नावे राहिली, बदल गळून गेला.

उंचीचे आकडे हा तक्त्याचा आणखी एक कच्चा दुवा. उंच ढगांची मर्यादा सगळ्या पृथ्वीवर सारखी नाही. समशीतोष्ण प्रदेशात ती साधारण ५ ते १३ किलोमीटर, तर उष्ण कटिबंधात ६ ते १८ किलोमीटर मानतात. राशिवर्षामेघ, म्हणजेच गर्जन्मेघ, तर कोणत्याच गटात बसत नाही. त्याचा तळ खालच्या गटात आणि माथा वरच्या गटात असतो. शिवाय विद्यार्थ्याला उंची मोजता येत नाही. तेव्हा हे आकडे घोकण्याऐवजी त्याला काढता येईल असा एक आकडा शिकवावा. हवेचे तापमान आणि दवबिंदू यांच्यातील दर एक अंश सेल्सिअस फरकामागे राशिमेघाचा तळ सुमारे १२५ मीटर उंच असतो. मे महिन्याच्या दुपारी तापमान ३३ आणि दवबिंदू २५ असेल, तर फरक ८ अंशांचा, म्हणून तळ सुमारे १,००० मीटरवर. जुलैत तापमान २७ आणि दवबिंदू २५ असेल, तर तळ २५० मीटरवर. पावसाळ्यात ढग डोंगराला टेकल्यासारखे का दिसतात, याचे उत्तर या एका वजाबाकीत आहे.

दहा प्रकार ओळखण्यासाठी उंचीपेक्षा सोप्या खुणा आहेत. सूर्य वा चंद्राभोवती खळे दिसले, तर तो बर्फकणांचा तंतुस्तरमेघ. हात लांब करून वीत पसरली की अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत जेवढे अंतर दिसते, जवळजवळ तेवढी या खळ्याची त्रिज्या असते. ढगांतूनही सावली पडत असेल तर पडदा उंचावरचा आहे. सावली नाहीशी झाली तर तो मध्यस्तर किंवा त्याखालचा आहे. या खुणा फुकट आहेत. एकच दक्षता घ्यावी: विद्यार्थ्यांनी सूर्याकडे थेट पाहू नये, तो झाडाच्या किंवा भिंतीच्या आड ठेवूनच आकाश पाहावे.

मालवणचे आकाश वाचताना

ढगांचा पाठ किनाऱ्यावर शिकवायचा तर तो ऋतूंच्या क्रमाने शिकवावा. तसे केले की नावे आपोआप घटनांना जोडली जातात.

एप्रिल-मे पासून सुरुवात करू. सकाळी मतलई वारा सरतो, दुपारकडे खारा वारा सुरू होतो. समुद्रावर आणि किनाऱ्यालगत आकाश बरेचसे मोकळे असते, पण आत कुडाळ-सावंतवाडीच्या बाजूला राशिमेघांची रांग दिसू लागते. जमीन तापून वर चढणारी हवा आणि समुद्रावरून येणारी बाष्पाची हवा यांची तेथे भेट होते. दुपारी तीन-चारच्या सुमारास सह्याद्रीवर त्यांतले काही ढग मनोऱ्यासारखे वाढतात. त्यांचा माथा फुलकोबीसारखा कडक कडांचा असेपर्यंत ढग वाढतो आहे असे समजावे. माथा पसरून ऐरणीसारखा झाला, कडा धूसर झाल्या, की तो गर्जन्मेघ झाला. वरच्या थरांतील वारा पूर्वेचा असेल, तर हा ढग संध्याकाळी घाटावरून किनाऱ्याकडे सरकतो. विजा, सोसाट्याचा वारा, तासाभराचा पाऊस आणि पुन्हा चांदणे, असा याचा थाट असतो. वळवाचा पाऊस म्हणतात तो हाच.

मोसमी पाऊस येतो तेव्हा आकाशाची सगळी मांडणी उलटते. ढग पूर्वेऐवजी नैर्ऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येऊ लागतात. मनोऱ्यांऐवजी थर दिसतात: वर राखाडी वर्षास्तरमेघ, खाली स्तरराशिमेघ आणि त्यांच्याखालून फाटक्या लक्तरांसारखे वेगाने पळणारे ढगांचे तुकडे. गडगडाट ओसरतो. पाऊस दुपारची वाट पाहत नाही. रात्रीही पडतो, पहाटेही. २०२५ साली मोसमी पावसाची उत्तर सीमा २५ मे रोजीच देवगडपर्यंत पोहोचली, नेहमीच्या वेळेपेक्षा सुमारे दहा दिवस आधी. अशा वर्षी "हा वळीव की मोसमी?" हा प्रश्न वर्गात विचारण्याजोगा असतो. त्याचे उत्तर दिनदर्शिका देत नाही. ढगांचा आकार, त्यांची दिशा आणि पावसाची वेळ या तीन नोंदी ते देऊ शकतात.

येथे तक्त्यातील आणखी एक समजूत तपासून घ्यावी. मोठा पाऊस म्हणजे गर्जन्मेघ, असे समीकरण विद्यार्थ्यांच्या मनात बसलेले असते. उपग्रह व रडार यांच्या अभ्यासांतून असे दिसले आहे की, पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यातील पुष्कळसा पाऊस फार उंच न गेलेल्या ढगांतून पडतो. समुद्रावरून बाष्पाचा अखंड पुरवठा आणि समोर सह्याद्रीची भिंत, एवढ्यावर त्यांचे काम भागते. कोकणच्या पावसाचा हा विशेष कोकणातल्या मुलांना तरी माहीत असावा.

जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली की एक देखावा चुकवू नये. खालचे तुकडे पूर्वेकडे धावत असतात आणि त्यांच्या फटींतून, अतिशय उंचावर, तंतुमेघ दिसतात. खांबाची किंवा माडाच्या शेंड्याची खूण धरून काही मिनिटे पाहिले, तर ते पश्चिमेकडे सरकत असल्याचे आढळते. खाली पश्चिमेचा वारा आणि वर, १४-१५ किलोमीटरवर, पूर्वेचा वेगवान झोत! हा उष्णदेशीय पूर्व झोतवारा भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ साली दाखवून दिला. वरचा वारा खालच्यापेक्षा जोरात वाहत असूनही तंतुमेघ संथ का दिसतात, हा प्रश्न विद्यार्थ्यांवर सोडावा. अंतर आणि कोन यांचा विचार करून नववीतील विद्यार्थी उत्तरापर्यंत येतात.

ऑक्टोबरात पुन्हा मनोरे दिसू लागतात, विजा परततात. हस्त नक्षत्रातील गडगडाटी पाऊस आपल्या परिचयाचा आहे. मेमधील आणि ऑक्टोबरमधील आकाशांचे साम्य विद्यार्थ्यांनी स्वतः शोधले, तर दोन्ही वेळी मोसमी वाऱ्याचा प्रवाह स्थिरावलेला नसतो, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

चुकला की बरोबर आला?

आता अंदाजाच्या तपासणीकडे वळू. "दहापैकी नऊ वेळा बरोबर" असे कोणी म्हटले तर आपण मान डोलावतो. यात एक फसगत आहे आणि ती १८८४ सालापासून प्रसिद्ध आहे. अमेरिकेत जॉन फिन्ली नावाच्या अधिकाऱ्याने चक्री झंझावातांचे अंदाज दिले. एकूण २,८०३ अंदाजांपैकी २,७०८ बरोबर आले, म्हणजे ९६.६ टक्के. गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञाने हिशेब पुन्हा तपासला. झंझावात प्रत्यक्षात ५१ वेळाच झाले होते. त्यामुळे कोणी डोळे मिटून दर वेळी "झंझावात होणार नाही" असे म्हटले असते, तर तो २,७५२ वेळा, म्हणजे ९८.२ टक्के बरोबर ठरला असता! पण त्या अंदाजाचा उपयोग शून्य. फिन्लीने ५१ पैकी २८ झंझावात आधी सांगितले होते. खरे कसब त्यात होते.

मालवणला हेच गणित लावा. जुलैत रोज "पाऊस पडेल" आणि फेब्रुवारीत रोज "कोरडे राहील" म्हणणारा माणूस जवळजवळ नेहमी बरोबर ठरेल. नक्षत्राच्या वाहनावरून पाऊस सांगणाऱ्यांचेही तसेच. वाहन म्हैस असो वा बेडूक, जूनच्या उत्तरार्धात कोकणात चांगला पाऊस पडतोच. परंपरेची टिंगल करण्याची यात गरज नाही. एकच माप दोन्हीकडे लावावे, एवढेच. अंदाजाची खरी परीक्षा मे-जूनच्या आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या उंबरठ्यावर होते. त्या काळात काहीही घडू शकते, आणि होड्या समुद्रात असण्याचे दिवसही त्यांतच पुष्कळ येतात.

शाळेत हिशेब असा मांडावा. समजा, १५ मे ते १५ जून या ३२ दिवसांत अंदाजाने १२ दिवस पाऊस सांगितला. त्यांपैकी ८ दिवस पडला, ४ दिवस पडला नाही. शिवाय न सांगता ३ दिवस पडला आणि उरलेले १७ दिवस सांगितल्याप्रमाणे कोरडे गेले. एकूण बरोबर दिवस २५, म्हणजे ७८ टक्के. पण पावसाचे दिवस ११ होते, त्यांतले ८ आधी कळले, म्हणजे ७३ टक्के. आणि पाऊस सांगितलेल्या १२ दिवसांपैकी ४ फुकट गेले, म्हणजे ३३ टक्के. ही तीन उत्तरे वेगवेगळ्या माणसांच्या उपयोगाची आहेत. मच्छीमाराला न सांगता आलेले ३ दिवस महाग पडतात, तर फवारणी पुढे ढकलणाऱ्या बागायतदाराला फुकट गेलेले ४ दिवस. "अंदाज किती टक्के बरोबर?" या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नसते.

दोन दक्षता आवश्यक आहेत. हवामान विभाग सकाळी साडेआठला पाऊस मोजतो, आणि तो आकडा त्याआधीच्या २४ तासांचा असतो. मंगळवारी दुपारी पडलेला पाऊस बुधवारच्या तारखेला नोंदला जातो. हे ध्यानात न घेता मिलाफ केला, तर चांगला अंदाजही चुकीचा ठरेल. दुसरी दक्षता पावसाच्या दिवसाची. २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस. चार थेंबांना पाऊस म्हणायचे की नाही, हा वाद त्यामुळे मिटतो. सरळ उभ्या बाजूंचा डबा आणि मोजपट्टी यांवर शाळेचे पर्जन्यमापन भागते. ढगांसाठी एक सपाट आरसा घ्यावा, त्यावर रेघा मारून आठ भाग करावेत, तो सावलीत पण मोकळ्या आकाशाखाली ठेवावा आणि किती भागांत ढग दिसतात ते मोजावे.

वहीत पाच रकाने पुरेत: अंदाज काय होता, मेघाच्छादन किती दिसले, ढग कोणते होते, ते कोणीकडून आले, आणि पाऊस किती पडला. तिसरा आणि चौथा रकाना पत्रिकेत नसतो. अंदाज चुकलेल्या दिवशी हेच दोन रकाने उघडून पाहावेत. न सांगता पडलेले ते ३ दिवस जर घाटाकडून आलेल्या गर्जन्मेघांचे निघाले, तर आपण हवामान खात्याला नावे ठेवण्यापलीकडे गेलो. कोणत्या प्रकारच्या ढगांपुढे हा अंदाज लंगडा पडतो, हे आपल्याला कळले. टीका म्हणतात ती हीच.

एक इशारा

ढग ओळखता येऊ लागले म्हणजे इशाऱ्यांची गरज संपली, असा अर्थ कोणी काढू नये. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनारा ओलांडून गेले. लक्षद्वीपजवळ निर्माण झाल्यापासून किनाऱ्यापर्यंत यायला त्याला दोन-तीन दिवसच लागले. समुद्रात असलेल्या कोकणातील अनेक मच्छीमारांचा त्यात बळी गेला. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला समांतर सरकले. त्याचे इशारे मात्र काही दिवस आधीपासून मिळत होते. घरे, बागा आणि विजेचे खांब यांची हानी टळली नाही, पण तयारीला वेळ मिळाला. दूरच्या वादळाचे तंतुमेघ आणि लांबट लाटा किनाऱ्यावरून दिसू शकतात, तरी त्यावरून वादळाचा मार्ग सांगता येत नाही. त्यासाठी उपग्रह, पणजीसारख्या ठिकाणचे डॉपलर रडार आणि हैदराबादच्या महासागर माहिती सेवा केंद्राचे लाटांचे अंदाजच हवेत. बंदरात तीन नंबरचा बावटा चढला, की वाद न घालता होडी किनाऱ्यावर ठेवावी.

परंतु बावट्यावरचा विश्वासही कोठून तरी यावा लागतो. दोनदा बावटा लागून वारा आला नाही, तर तिसऱ्या वेळी त्याकडे दुर्लक्ष होते. फुकट गेलेला इशारा आणि न दिलेला इशारा यांतला फरक ज्याने शाळेत स्वतः मोजला आहे, तो असे दुर्लक्ष सहसा करणार नाही. चार फुकट इशाऱ्यांची किंमत देऊनच आठ खरे इशारे मिळतात, हे त्याने आकड्यांत पाहिलेले असते.

काय बदलावे

अंदाज लिहिणाऱ्यांकडे मागणे छोटे आहे. मेघाच्छादनाच्या आकड्यासोबत ढग उंचावरचे, मधले की खालचे, एवढा एक शब्द द्यावा. संगणकाच्या गणितात हे तीन थर वेगळे काढता येतात. पत्रिकेत ते एकत्र करून छापण्याचे कारण नाही. तुरळक, काही, अनेक आणि बहुतांश यांच्या व्याख्या अंदाजाच्या तळाशी दोन ओळींत छापाव्यात. वर्तमानपत्रांनाही हे जमण्यासारखे आहे.

पाठ लिहिणाऱ्यांनी दहा चित्रांच्या तक्त्याशेजारी एका दिवसाच्या आकाशाची चार चित्रे द्यावीत: सकाळ, दुपार, तिसरा प्रहर आणि संध्याकाळ. "हा कोणता ढग?" याऐवजी "यानंतर काय होईल आणि का?" असे परीक्षेत विचारावे.

आपल्या हाती असलेले काम त्याहून सोपे आहे, आणि त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. मंगळवारची पत्रिका फलकावर लावावी, आरसा पटांगणात ठेवावा आणि सकाळी साडेआठची नोंद रोज एका विद्यार्थ्याने करावी. शाळेला मेची सुटी असते, तेव्हा ही वही किनाऱ्याजवळ राहणाऱ्या दोघा-तिघांच्या घरी द्यावी; नेमके तेच दिवस सर्वांत मोलाचे आहेत.

अशी वही एखाद्या शाळेत पाच वर्षे चालली, तर मालवणच्या मे महिन्यात अंदाज कोठे खरा उतरतो आणि कोठे नाही, हे त्या गावाला स्वतःच्या नोंदींवरून सांगता येईल.